कालवडीचा बाप कोण, ते सांग

उभा राहा. मोबाईल टेबलावर ठेव. उलटा नको, सुलटा ठेव, वर्गालाही दिसू दे. मी इकडे फळ्यावर मेंडेलचे वाटाणे मांडतोय, उंच आणि ठेंगू, पिवळे आणि हिरवे, आणि महाशय बाकाखाली घोड्याला सोन्याचं गाजर चारतायत.

दात काढू नका रे पोट्टे हो. तुमच्या घरी काय चालतं तेही मला ठाऊक आहे. माइनक्राफ्टमध्ये दोन गाईंना गहू चारला की वासरू होतं. वीस मिनिटांत त्या वासराची गाय होते. पाच मिनिटं थांबलं की त्याच दोन गाई पुन्हा तयार. मेंढीला गहू, डुकराला गाजर, कोंबडीला बी. तुम्हाला काय वाटलं, सरांना फक्त खडूच समजतो?

बरं, तू सांग. हा घोडा कितव्या पिढीचा? सहाव्या. चाल कोणाकडून आली? आजीकडून. उडी? काळ्या घोड्याकडून. वा! पहिल्या दोन शिंगरांची उडी कमी भरली म्हणून ती बाजूला काढलीस, तिसरं ठेवलंस, पुढे त्याचाच वंश चालवलास. याला निवड म्हणतात बाळा. पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आहे ना, तो तू बाकाखाली करून पाहिलास आणि बाकावर मात्र जांभई दिलीस. चाचणीत या धड्यावर किती मार्क पडले तुला? जाऊ दे, चारचौघांत सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या कोठ्यात बांधलेली ती तांबडी कालवड. तिचा बाप कोण?

का रे, वाचा बसली? "डॉक्टरनं सुई लावली" हे काय बापाचं नाव झालं? गाईला भरवताना ढोरांच्या दवाखान्यातून आलेला माणूस वळूच्या रेताची एक कांडी वापरतो. द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात, शून्याखाली 196 अंशांवर ती राखलेली असते. त्या कांडीवर वळूची जात आणि क्रमांक छापलेला असतो. काम झालं की कांडी कोठ्याबाहेर पडते, पावसात चिखलात जाते, आणि तुमच्या घरातल्या एकुलत्या एका कालवडीची अर्धी वंशावळ तिथंच मातीत मिळते. तुझा बाप सकाळी बंडी जुंपून शेतात गेला होता, आई दुधाच्या भांड्यात अडकली होती. घरात रिकामा बसलेला, शिकलेला, अक्षरं वाचता येणारा माणूस एकच होता. तो काय करत होता? घोड्याच्या आजीची चाल मोजत होता!

तू खेळलास म्हणून मी तुझा कान धरलेला नाही. जनावर खोटं म्हणूनही नाही. खोट्या जनावराचं आम्हां नागपूरकरांना वावडं असतं तर तान्हा पोळा झालाच नसता. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांनी 1806 च्या सुमारास तो सुरू केला असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचा नंदी चाकांवर ओढत घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. तूही ओढलास, तुझ्या आज्यानंही ओढला असेल. पण तो नंदी दुसऱ्या दिवशी का येतो, याचा विचार कर. आदल्या दिवशी खरा बैल तोरणाखाली उभा राहिलेला असतो. त्याच्याही आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे शेकलेले असतात. ज्या लेकरानं बापाच्या शेजारी उभं राहून जुवानं घट्टा पडलेल्या त्या खांद्याला तूप-हळद लागताना पाहिली, त्याच्या हाती मग लाकडी बैल देतात. खेळणं खऱ्या जनावराच्या मागोमाग येतं. तुझ्याकडे मागोमाग यायला पुढे काही उरलेलंच नाही. कोठ्यात तू शेवटचा कधी गेला होतास रे? चार्जर शोधायला?

तुझ्या त्या खेळात नर आणि मादी हा भेदच नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? कुठल्याही दोन गाई घे, गहू दे, वासरू तयार. म्हणजे गोऱ्हा नाही. आणि गोऱ्हा नाही म्हणजे शेतकऱ्याच्या घरातला सगळ्यात जड प्रश्नच नाही. गाय व्याली, गोऱ्हा झाला, शेतात ट्रॅक्टर आला, आता या गोऱ्ह्याचं काय करायचं? हा प्रश्न तुझ्या बापाला रात्री झोपू देत नाही. सरकारही आता मादीच व्हावी अशा निवडलेल्या रेतमात्रा देतं, कारण प्रश्न सगळीकडेच आहे. पण कोठ्यात पोसायला ठेवायचा की विकायचा, विकला तर कोणाला आणि कशासाठी, याचं उत्तर कांडीत मिळत नाही. तुझ्या पडद्यानं तो प्रश्नच गाळून टाकला, आणि तुला वाटलं आपल्याला पशुपालन जमलं.

सख्ख्या बहीणभावाची जोडी लावलीस तरी तुझ्या त्या खेळात पिल्लू ठणठणीत निघतं. खऱ्यात तसं होत नाही. गावात एकच सांड सोडला आणि तो तीन-चार वर्षांच्या वर राहिला, तर तो आपल्याच लेकींवर जातो. मग वासरं हलकी होतात, गाई उलटतात, दूध घटतं. म्हणून ठराविक वर्षांनी वळू बदलायचा असतो. म्हणून कांडीवरचा क्रमांक जपायचा असतो, नाहीतर मायलेकींना एकाच वळूच्या कांड्या पडतात आणि कोणाला कळतही नाही. तू ज्या डोक्यानं घोड्याची सहावी पिढी लावलीस ना, त्याच डोक्याचं हे काम आहे. माझा संताप तिथं आहे. मठ्ठ पोराला मी एवढं बोलत नसतो.

गवळाऊ माहीत आहे का कोणाला? हात वर करा. एक. दोन. तुझा खाली घे, तू नुसता शेजाऱ्याचा पाहून वर केलास. अरे, ही तुमच्या वर्धा-नागपूरची गाय आहे! तिकडं बालाघाट, छिंदवाडा, शिवनीपर्यंत तिचा मुलूख. रंग पांढरा ते राखी, अंग सडपातळ नि लांबट, कपाळ जरा फुगीर, शिंगं आखूड. नंद गवळ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या रानोमाळ राखली. तिचे बैल धावरे, डोंगरवाटांनी हलकी बंडी घेऊन झपाट्यानं जाणारे, आणि म्हणून मराठ्यांच्या फौजेला हवे असलेले, असं जुने लोक सांगतात. दुधाला ती जर्सीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी आधीच कबूल करतो, उगाच छाती फुगवून बोलणार नाही. पण नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, पंख्याखाली बांधावी लागते ती जर्सी. गवळाऊ झाडाखाली उभी राहते, कुटारावर दिवस काढते.

मग ती कमी का झाली? कोणी मारली नाही तिला. कोणी वळू निवडून राखला नाही, एवढंच. दूध हवं म्हणून पन्नास वर्षं दिसेल त्या गावठी गाईला परदेशी वळू लावत गेलो. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली, संकरित गाई दारोदार पोचवल्या, त्यातून कित्येकांच्या घरात पैसा आला, हे खरंच आहे. पण संकर करायचा तर मूळ जातीचा शुद्ध वंश कुठंतरी वेगळा राखावा लागतो. वर्ध्याकडे कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. नागपुरात फुटाळा तलावाजवळ अख्खं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तुमच्यापैकी कोणी कधी त्या दारातून आत डोकावलं? फुटाळ्यावर कारंजं पाहायला आणि सेल्फी काढायला गेलात, तिथून पाठीमागे वळलात.

मुलींनो, तुम्ही तोंडावर ओढणी धरून हसू नका. तुमच्या त्या 'अॅडॉप्ट मी' खेळाबद्दलही मी वाचलंय. अंडं घ्यायचं, आत काय निघेल ते नशीब. निघालेलं पिल्लू खाऊ घालून, न्हाऊ घालून, झोपवून मोठं करायचं. बरं वाटतं ऐकायला. मग पूर्ण वाढलेली एकसारखी चार पिल्लं एकत्र केली की चारही जातात आणि एक चमकणारं मिळतं. अशी चमकणारी चार पुन्हा एकत्र केली की त्याहून जास्त चमकणारं एक. म्हणजे सोळा जीव हातानं वाढवायचे, सोळा संपवायचे, आणि एका चकाकणाऱ्या शेपटीसाठी मैत्रिणीला जळवायचं! याचं नाव दत्तक घेणं? तुमच्या आईनं तुम्हांला असं वाढवलं असतं तर?

यापेक्षा तमागोची बरी होती. तुम्ही जन्मायच्या आधीची गोष्ट, 1996 ची. जपानमध्ये बांदाई कंपनीनं अंड्याएवढं एक खेळणं काढलं, अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांच्या डोक्यातून आलेलं. त्यातलं पिल्लू भूक लागली की पिंपिं करायचं, घाण काढायला लावायचं आणि दुर्लक्ष केलं तर मरायचं. पोरं ते शाळेत न्यायला लागली, कितीतरी शाळांना बंदी घालावी लागली. मीही घातली असती. पण त्या यंत्रात मरण होतं, आणि मरण होतं म्हणून पोरांना थोडी तरी धास्ती होती. तुमच्या खेळात आठ दिवस गेला नाहीत तरी गाय कुंपणात तशीच उभी. काळजी कशाला म्हणतात हे तुम्हांला तिथं कधीच कळणार नाही, कारण तुम्ही नसलात म्हणून तिथं कोणाचंच काही अडत नाही.

आणि तू, खाली बसू नकोस, तुझं अजून संपलेलं नाही. आईच्या फोनवरून तू त्या खेळात किती पैसे टाकलेस, ते तिनं मला शाळेत येऊन सांगितलंय. आकडा मी वर्गात काढत नाही. पण "सर, ती जनावरं माझी आहेत, मी विकत घेतलीत" असं जे तू तिला तोऱ्यात म्हणालास, त्यावर ऐक.

सेकंड लाइफ नावाचं एक जग संगणकावर 2003 पासून चालतं. लोक तिथं घरं बांधतात, दुकानं मांडतात. त्यात ओझिमल्स नावाचे ससे होते. डोळ्यांचा रंग, कानांची ठेवण, अंगावरचे केस, सगळं आईबापांकडून यायचं. मोठमोठी माणसं, तुझ्यासारखी पोरं नव्हेत, त्या सशांच्या जोड्या लावायची, दुर्मीळ रंग काढायची आणि खऱ्या पैशाला विकायची. सशाला चारा लागायचा, आणि तो चारा विकणारी एकच कंपनी, जिनं ससे काढले तीच. 2017 च्या मे महिन्यात ती कंपनी कायदेशीर भांडणात सापडली आणि तिनं आपली यंत्रं बंद केली. चारा बंद. तीनेक दिवसांत ससे उपाशी पडून झोपी गेले, ते उठलेच नाहीत. मालकांच्या हाती विकत घेतल्याच्या पावत्या होत्या. सशाच्या तोंडात घालायला एक काडी मात्र जगात दुसरीकडे कुठंही मिळत नव्हती.

ती परदेशातली गंमत झाली म्हणशील. मग आपल्या महाराष्ट्रातली घे. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरहून कडकनाथ कोंबडीची योजना चालली. शेतकऱ्यानं पैसे भरायचे, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मोठी झाली की पक्षी आणि अंडी कंपनीच चढ्या भावानं उचलणार. 2019 साली ती कोसळली. खाद्य यायचं थांबलं, उचलायला कोणी फिरकलं नाही, आणि कितीतरी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या शेडमध्ये काळ्या कोंबड्या उपाशी ओरडत राहिल्या. त्या खऱ्या होत्या, म्हणून झोपी गेल्या नाहीत, मेल्या. त्याआधी इमूचं तेच झालं होतं. 2012 मध्ये तमिळनाडूत तो फुगा फुटला आणि इकडंही शहामृगासारखी ती उंच पाखरं पाळणाऱ्यांचे हात पोळले. शिकलेसवरलेले लोक होते रे ते! जोडी इतक्याची, पिल्लं इतकी, वर्षाला इतके, असा गुणाकार करत बसले. तो गुणाकार आणि तुझ्या पडद्यावरचा गुणाकार एकच आहे. ज्याच्या हाती चारा आणि बाजार, जनावर त्याचं. तू फक्त राखणदार, तोही पदरचे पैसे भरणारा.

आता तुझ्या आईनं दिवाळीआधी माजावर येईल म्हणून गाय राखली, ते तू पाहिलंस का, की त्या दिवशीही शिंगरू जन्माला घालत होतास? गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज जेमतेम बारा-अठरा तास टिकतो. रात्री हंबरली तर सकाळी भरवायची, सकाळी दिसली तर संध्याकाळी. चुकलं की पुढचे एकवीस दिवस चारा फुकट. मग सव्वानऊ महिने, म्हणजे 280 दिवसांच्या आसपास, सांभाळायची. व्याली की वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा, त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. आपल्याकडे अजून कित्येक घरांत वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत, आणि वासरं त्यापायी मरतात. हे तू घरी सांगू शकला असतास. सहावीपासून विज्ञान शिकतोयस, आजीला एक वाक्य सांगायला तुझी जीभ झिजली असती? बारा तासांत वार पडली नाही तर डॉक्टर बोलवायचा. कालवड पहिल्यांदा व्यायला देशी असेल तर साडेतीन-चार वर्षं लागतात. चार वर्षं! तुझी वीस मिनिटं!

2022 साली गुरांमध्ये लम्पी रोग आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, पोळ्यावर बंधनं आली, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत डॉक्टर गावोगाव फिरत होते. अंगभर गाठी उठलेला बैल दावणीला उभा, आणि माशा वारणारा माणूस रात्रभर त्याच्या शेजारी. त्या रात्रींत आपल्या या खापा गावच्या किती पोरांनी बापाला झोपायला पाठवून स्वतः कडुनिंबाचा धूर केला असेल? ज्यांनी केला, त्यांना मी आज काहीही बोललो तरी लागणार नाही. ज्यांना लागतंय, त्यांच्यासाठीच बोलतोय.

पालकांनाही सोडत नाही, सभेला येऊ देत. तान्ह्या पोळ्याला पोराच्या उंचीपेक्षा मोठा नंदी भाड्यानं आणतात, त्याच्या अंगावर झुली, पोराच्या अंगावर राजाचा पोशाख, बक्षीस नाही मिळालं की आयोजकांशी वाद. आणि आदल्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या जागी ट्रॅक्टर. पोरानं जनावर पाहायचं तरी कुठं? "अभ्यास कर, शेणात हात घालू नकोस" असं म्हणून तुम्हीच त्याला कोठ्यातून हाकलता, आणि रडू नये म्हणून हातात मोबाईल देता. एवढं शेणाचं वावडं होतं तर सकाळी दूध कुठून येतं असं वाटतं तुम्हांला, पिशवीतून?

आता शिक्षा ऐक. उठाबशा नाहीत, त्या मी कधी काढायला लावल्या नाहीत. दोनशे पानी वही आणायची. तुमच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे ना, त्यावर बारा आकडे असतात. सरकारच्या संगणकावर त्या आकड्यांखाली तुमची गाय नोंदलेली आहे. खरं जनावर, आणि तेही ऑनलाइन! आता बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्रीही करता येत नाही. ते बारा आकडे पहिल्या पानावर लिही. मग रोजचं दूध, सकाळचं आणि संध्याकाळचं. ढेप किती, कुटार किती, हिरवं किती. माज कधी दिसला. कांडी वापरली तर तिचा क्रमांक. लस कोणती, कधी. जनावर आजारी पडलं तर 1962 या क्रमांकावर फोन लावता येतो, तो मागच्या पानावर लिहून ठेव. तांबडीच्या बापाचा पत्ता दवाखान्याच्या नोंदवहीत असेल, जा आणि साहेबांना नीट हात जोडून विचार. सापडला नाही तर तसं लिही, पण थापा मारून आकडा टाकू नकोस, मी जाऊन पाहणार आहे.

आणि ज्यांच्या घरी गाय नाही, त्यांनी सुटल्याचा आनंद मानू नये. खाप्यात बकऱ्या आहेत, कोंबड्या आहेत, कन्हान नदीच्या काठावर चरायला येणाऱ्या म्हशी आहेत. नागपुरी म्हैस ओळखता येते का बघा, शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली असतात. कोणाच्याही दारात उभं राहा, आपल्या सरांनी पाठवलंय म्हणून सांगा, आणि काका-काकूंना विचारून एका जनावराची वही धरा.

तीन महिन्यांनी वह्या तपासीन. ज्यांच्या पूर्ण असतील, खाडाखोड चालेल पण खोटं चालणार नाही, तेवढ्यांनाच घेऊन मी हेटीकुंडीला गवळाऊ पाहायला जाणार आहे. गाडीभाडं मी देईन. दोघांच्याच वह्या निघाल्या तर दोघांना घेऊन जाईन.